बिअर गाळताना

कोल्श गढूळ दिसली की निम्मी हरली. जर्मनीतल्या कोलोन शहरातल्या ब्रुअऱ्यांनी १९८६ साली आपसात करार करून कोल्श कशाला म्हणायचं ते पक्कं करून टाकलं: रंग फिका, चव कोरडी, हॉप्सची कडवट झाक जाणवणारी आणि दिसायला नितळ. ती २०० मिलिलिटरच्या सरळसोट, अरुंद पेल्यात देतात. एवढ्या बारक्या पेल्यात जरा जरी धूसरपणा असला तरी लपत नाही. तीच बिअर न गाळता कोलोनमध्ये मिळते, पण मग तिला कोल्श म्हणत नाहीत. आणि मला घरी करायला आवडते ती नेमकी कोल्श.

पंचाईत अशी की कोल्शचं यीस्ट बसायचं नाव घेत नाही. इंग्लिश एलचं यीस्ट काम संपलं की गोळे करून तळाशी जातं, साका असा घट्ट बसतो की वरची बिअर निवांत काढून घ्यावी. कोल्शचं यीस्ट आंबवण संपल्यावरही अंगणात खेळणाऱ्या पोरांसारखं हाका मारल्या तरी खाली यायला तयार नसतं. यीस्ट विकणारे पाकिटावरच्या माहितीत स्वतःच सांगतात की नितळ बिअर हवी असेल तर गाळा, नाहीतर वाट बघा.

मी राहतो कोलोरॅडोत, डेन्व्हरच्या पश्चिमेला. इथे घरी बिअर करणं हा सुतारकाम किंवा बागकामासारखा छंद आहे. १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी कायद्यावर सही केली आणि पुढच्या फेब्रुवारीपासून घरगुती बिअरला केंद्र सरकारच्या करातून सूट मिळाली. घरात एकच प्रौढ असेल तर वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा जास्त असतील तर २००. विकायची मात्र नाही. मिसिसिपी आणि अलाबामा ही दोन राज्यं २०१३ पर्यंत अडून बसली होती, आता तीही आली. चार्ली पपेझियन यांनी होमब्रू करणाऱ्यांची देशव्यापी संघटना काढली तीही १९७८ मध्येच, इथून तासाभरावरच्या बोल्डरला. त्यामुळे आमच्या भागात माल्ट, हॉप्स, यीस्ट, नळ्या, केग यांची दुकानं आहेत, क्लब आहेत, आणि शेजारी फाटकातून डोकावून ‘आज काय शिजतंय?’ असं विचारतात. सांगलीला घरी गेल्यावर मात्र मी हे सांगितलं की समोरचा माणूस आधी आवाज खाली करतो. साहजिक आहे. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी दारू करणं हा गुन्हा आहे, आणि ‘घरी केली’ म्हटलं की डोळ्यांसमोर हातभट्टीच येते. पुण्यात २००९ मध्ये डूलाली ही मायक्रोब्रुअरी सुरू झाल्यापासून निदान शहरांत ताजी, न गाळलेली बिअर लोकांच्या ओळखीची झाली. तरी आपल्याकडे बिअर म्हणजे बाटलीतली, काचेसारखी पिवळीधमक, हेच डोक्यात बसलेलं आहे. माझ्याही होतं.

धूसरपणा एकाच जातीचा नसतो, आणि फिल्टरला हात लावण्याआधी आपल्या पेल्यात कुठला आहे ते ओळखावं लागतं. त्याच्या साध्या परीक्षा आहेत. फ्रीजमधून काढलेला गढूळ पेला हातात धरून बसायचं. बिअर कोमट होता होता निवळली, तर तो थंडीचा धूसरपणा. माल्टमधली प्रथिनं आणि माल्टच्या टरफलातली व हॉप्समधली पॉलिफिनॉल्स थंडीत एकमेकांना धरतात, ऊब मिळाली की सोडतात. कोमट होऊनही गढूळच राहिली आणि पेल्याच्या तळाशी पिठूळ थर जमला, तर यीस्ट. माल्ट भिजवताना पिठाची साखर नीट झाली नसेल तर स्टार्च उरतो. बशीत दोन थेंब बिअर आणि एक थेंब आयोडीन टाकलं की निळंकाळं होतं, शाळेत बटाट्यावर करायचो तसंच. चौथी जात म्हणजे जंतूंनी आंबलेली बिअर. ती आधी नाकाला कळते, डोळ्याला नंतर. स्टार्चवर आणि आंबलेल्या बिअरवर घरच्या फिल्टरचा काही इलाज नाही. पहिल्या दोन जातींवर आहे, पण दोन्हींवर सारखा नाही.

बरंचसं काम तर भांड्यातच होतं. उकळीच्या शेवटच्या दहा-पंधरा मिनिटांत आयरिश मॉस टाकतात. ते समुद्रशेवाळ असतं, त्यातल्या कॅराजीननला प्रथिनं चिकटतात आणि गोळे होऊन खाली बसतात. मग तांब्याच्या वेटोळ्यातून गार पाणी सोडून वर्ट (माल्टचं अजून न आंबवलेलं गोड पाणी) शक्य तितक्या झटपट थंड करायचं. अंड्याच्या सारासारखे पांढुरके फाटे वर्टमध्ये तरंगायला लागतात आणि बघता बघता खाली जायला लागतात. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, नासलं. तसं झालेलंच बरं असतं. आमच्याकडे उंचीमुळे पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळतं, म्हणून मी उकळी थोडी लांबवतो.

एवढं करूनही कोल्शमध्ये यीस्ट तरंगत राहतं, आणि त्यावर क्लबातला हुकमी उपाय म्हणजे जिलेटिन. बिनवासाचं, बिनरंगाचं जिलेटिन चहाचा चमचाभर घ्यायचं, पाण्यात भिजवायचं, न उकळता ६५-७० अंशांपर्यंत तापवायचं आणि थंड केगमध्ये ओतायचं. दोन-तीन दिवसांत १९ लिटर बिअर लख्ख. आई आमच्याकडे आली होती तेव्हा तिने हे बघितलं आणि म्हणाली, “अरे, तुरटीच की ही.” तिचं माहेर कृष्णाकाठचं. पावसाळ्यात नदीचं पाणी चहाच्या रंगाचं व्हायचं, हंड्यात तुरटीचा खडा फिरवून रात्रभर ठेवत. तुरटी नसली की निवळीचं बी उगाळून घालत. मुद्दा तोच: तरंगणाऱ्या कणांना एकत्र यायला निमित्त द्यायचं, जड झाले की आपसूक बसतात.

पण हे निमित्त आमच्या घरात चालेना. सासरचं घर माळकरी. मेव्हणा नोकरीसाठी इकडे आला, बिअर शिकला, मांसमासळी मात्र शिकला नाही. त्याने कुठेतरी वाचलं की जिलेटिन जनावरांच्या कातड्या-हाडांपासून करतात. त्यानंतर पेला उचलण्याआधी त्याचा एकच प्रश्न: “दाजी, यात हाडं नाहीत ना?” बायको म्हणाली, माळकऱ्यांना तर दारूही वर्ज्य आहे, तेवढंच कसं विसरलास? त्यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं, पण प्रश्न कायम राहिला. आणि मला तो प्रश्न पटतो. पाहुण्याला काय घातलंय ते न सांगता पाजणं माझ्याच्याने होत नाही.

जिलेटिनच्या आधीचा जुना ब्रिटिश उपाय आयसिंग्लासचा. तो तर सरळ माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीचा. २०२१ मध्ये पालघरजवळच्या मुरबे गावच्या कोळ्यांना घोळ माशांचा मोठा थवा लागला आणि लिलावात सव्वा कोटीच्या वर रुपये मिळाले, ती बातमी आठवत असेल. घोळीला तो भाव येतो तो त्या पिशवीमुळे, आणि दारू-बिअर निवळवणं हा अशा पिशव्यांचा एक जुना उपयोग आहे. गिनेसनेही तो बराच काळ वापरला आणि शाकाहाऱ्यांच्या मागणीनंतर सोडला. शाकाहारी निवळकं नाहीत असं नाही. सिलिकाचं द्रावण मिळतं, प्रथिनं तोडणारं एक एन्झाइम यीस्टबरोबरच घालता येतं. एन्झाइम थंडीच्या धूसरपणावर चांगलं चालतं, यीस्टवर नाही. सिलिकाने माझ्या कोल्शमध्ये काम केलं, पण केगच्या तळाचा साका इतका सैल राहिला की केग हलवला की पुन्हा ढग. शिवाय आमच्या बिअरला प्रवास असतो. गणपतीनंतर मित्रमंडळींची पार्कमधली सहल ठरलेली असते, केग गाडीच्या डिकीत घालून न्यायचा असतो. साका असलेला केग डिकीतून उतरवला की केलेलं सगळं पाण्यात. म्हणून फिल्टर.

बिअर गाळायचं यंत्र जर्मनीतल्या वर्म्स शहरात लोरेन्झ एन्झिंगर यांनी १८७८ मध्ये काढलं. त्याआधी बिअर थंड तळघरात महिनोनमहिने ठेवून निवळवत. आमच्या घरापासून जवळच गोल्डन गावात कूर्सचा अवाढव्य कारखाना आहे, १८७३ पासूनचा. कूर्सने १९५९ मध्ये बिअर तापवून जंतू मारणं सोडून दिलं आणि थंड ठेवूनच बारीक गाळायला सुरुवात केली. कारखान्याला फिल्टर लागतो कारण बाटली महिनोनमहिने दुकानात उभी राहणार. घरी तशी गरज नाही, म्हणून होमब्रूवाल्यांत फिल्टर असणारे थोडे, आणि त्यांच्याकडे बघून नाक मुरडणारे बरेच.

घरी दोन प्रकार चालतात. एक पॅडचा. चौकोनी किंवा गोल जाड कागदी पॅड प्लॅस्टिकच्या ताटांमध्ये आवळून बसवायचे आणि पंपाने बिअर ढकलायची. पॅड आधी नीट भिजवून, भरपूर पाणी सोडून धुतले नाहीत तर बिअरला पुठ्ठ्याची चव येते, आणि कडांनी थोडंफार गळतंच. क्लबातल्या एका निवृत्त केमिस्टकडे मी तो चालताना बघितला. ट्रेमध्ये टपटपणारी बिअर बघून तो म्हणाला, हा फिल्टरचा वाटा. दुसरा प्रकार म्हणजे घरातल्या पाण्याला लावतात तसलं दहा इंची कार्ट्रिजचं भांडं, दोन केगच्या मध्ये जोडलेलं. मी हा घेतला, कारण सगळं बंद राहतं, हवा लागत नाही.

आकड्यांचा खेळ समजून घ्यायला हवा. यीस्टची पेशी ५ ते १० मायक्रॉनची. १ मायक्रॉनची कार्ट्रिज ती जवळपास सगळी अडवते. जंतू अडवायचे तर अर्ध्या मायक्रॉनच्याही खाली जावं लागतं, तेही ‘अॅब्सोल्यूट’ प्रतीचं. दुकानात मिळतात त्या बहुतेक ‘नॉमिनल’, म्हणजे त्या मापाचे बरेचसे कण अडतील, सगळे नाही. थंडीचा धूसरपणा तर एक मायक्रॉनपेक्षाही बारीक कणांचा. तो अडवायचा एकच मार्ग: बिअर आधी बरेच दिवस गोठायच्या बेताला ठेवून ते कण मोठे होऊ द्यायचे आणि त्याच थंडीत गाळायचं. बिअर थंड, पण भांडं आणि नळ्या गॅरेजच्या उबेतल्या, असं झालं तर धूसरपणा वाटेतच विरघळतो, कार्ट्रिजमधून बिनबोभाट पार होतो, आणि दुसऱ्या दिवशी फ्रीजमध्ये पुन्हा हजर. म्हणून माझं फिल्टरचं भांडं, नळ्या आणि रिकामा केग आदल्या रात्रीपासून बिअर असते त्याच जुन्या फ्रीजमध्ये असतात.

गाळायला मी शक्यतो थंड दिवस धरतो. गॅरेजच थंडगार असतं. केग म्हणजे पेप्सी-कोकवाले पूर्वी सरबताचा पाक भरायला वापरत ते १९ लिटरचे स्टीलचे लांबट डबे. बिअरच्या केगमधली आतली नळी मी अर्धा इंच कापून आखूड केलेली आहे, तळाचा साका तिच्यात ओढला जात नाही. बिअरमध्ये अजून फेस भरलेला नसतो. भरलेला असेल तर फिल्टरमध्ये दाब बदलतो तिथे नुसता फेस होतो आणि काम ठप्प.

रिकामा केग निर्जंतुक द्रावणाने काठोकाठ भरायचा आणि कार्बन डायऑक्साइडने ते द्रावण फिल्टरमधून उलट बाहेर ढकलायचं. एका दगडात दोन पक्षी: फिल्टर निर्जंतुक, आणि केगमध्ये हवेऐवजी नुसता वायू. बिअरचा खरा वैरी ऑक्सिजन. आठवडाभरात हॉप्सचा ताजा वास मरतो, महिन्याभरात ओल्या पुठ्ठ्याची चव येते. नितळ, पण शिळी बिअर करायला कशाला फिल्टर हवा? मग नळ्या जोडायच्या. दोन्हीकडे बिअर बाहेर काढायच्या तोटीलाच जोडायच्या, म्हणजे नव्या केगमध्ये बिअर तळापासून वर चढते, उसळत नाही. नव्या केगच्या झाकणावरची झडप किंचित उघडी, आणि रेग्युलेटर दोन-तीन पौंडांवर.

सुरुवातीला पारदर्शक भांड्यात कार्ट्रिजभोवती बिअर चढताना दिसते. बाहेरच्या बाजूला पिवळसर दुधाळ, पांढऱ्या कार्ट्रिजच्या पलीकडून नळीत येते ती आधी पाणचट. फिल्टरमधलं उरलेलं द्रावण असतं ते, पेलाभर टाकून द्यायचं. त्यानंतर नळीत रंग भरतो, आणि नळीमागे धरलेल्या वर्तमानपत्रातली बारीक अक्षरं वाचता येतात. या क्षणाचा मला अजून कंटाळा आलेला नाही. जसजसं यीस्ट कार्ट्रिजवर जमतं तसतसा वेग मंदावतो, मग दाब एकेक पौंड वाढवायचा. एकदम पंधरावर नेला तर अडकलेलं यीस्ट पलीकडे रेटलं जातं. बिअर आधी नीट बसलेली असेल तर अर्धा-पाऊण तासात केग रिकामा. कार्ट्रिज उघडली की तिच्या घड्यांत बदामी रंगाचा मऊ लेप असतो, ताज्या पावासारखा वास येणारा. बायको तो लेप बागेतल्या कंपोस्टमध्ये टाकते.

गाळलेल्या बिअरमध्ये यीस्ट उरत नाही, त्यामुळे साखर घालून बाटलीत फेस धरायचा मार्ग बंद होतो. केगमध्ये ४ अंशांना बारा पौंडांवर वायू आठवडाभर लावून ठेवायचा. ज्यांच्याकडे केगचा सरंजाम नाही, नुसत्या बाटल्या आहेत, त्यांनी फिल्टरच्या वाटेला जाऊच नये.

चव जाते का? या प्रश्नावर क्लबात भांडणं होतात. एकदा आम्ही एकाच घाण्यातले दोन केग घेतले: एक गाळलेला, एक नुसता महिनाभर थंडीत बसवलेला. लाल प्लॅस्टिकचे अपारदर्शक पेले, प्रत्येकाला तीन, त्यातले दोन सारखे. वेगळा कुठला ते ओळखायचं. नाक मुरडणारे सगळ्यात आधी चुकले. मला ओळखता आला. न गाळलेल्यात शेवटी जिभेवर पावाची किंचित झाक राहते, मी तिच्या शोधातच होतो. अर्ध्या मायक्रॉनने गाळलेली बिअर त्या केमिस्टकडे प्यायलो आहे. ती मात्र पातळ लागली, फेसही लवकर बसला. फेस धरणारी प्रथिनं आणि हॉप्सची तेलं गेली असावीत. एवढा चोखंदळपणा पैसे देऊन कशाला करायचा?

गंमत म्हणजे मी नितळपणाच्या मागे असताना अमेरिका उलट दिशेला धावली. व्हरमाँटच्या हेडी टॉपर या बिअरपासून गढूळ आयपीएची (इंडिया पेल एलची) लाट आली. क्लबातली तरुण मुलं ओट्स आणि गहू घालून मुद्दाम आमरसासारखी बिअर करतात, आणि माझा पेला बघून विचारतात, यात हॉप्स घातले होते का? गव्हाची बिअर आणि असल्या आयपीए गाळणं म्हणजे खरंच मूर्खपणा आहे, त्यांची चव त्या धूसरपणातच असते. काळ्या स्टाउटला गाळून दाखवणार कोणाला? आता मी गाळतो ती फक्त कोल्श, तीही केगला गाडीतून जायचं असेल किंवा वेळ कमी असेल तेव्हा. घरीच प्यायची असली तर केग फ्रीजमध्ये १ अंशावर महिना-सव्वा महिना तसाच ठेवतो, पहिला पेला ओतून देतो, पुढची बिअर फिल्टरइतकीच स्वच्छ येते. मेव्हणा दोन्ही पितो. विचारायचं अजून सोडत नाही.

तुमच्याकडे केग असतील आणि फिल्टर घ्यायचाच असेल, तर १ मायक्रॉनच्या खाली जाऊ नका, आणि कार्ट्रिज घेताना खोक्यावर ‘कार्बन’ लिहिलेलं नाही ना ते नीट बघा. ती कार्ट्रिज पाण्याचा वास आणि चव काढायला असते, बिअरचाही काढते.